कपातले बेदाणे, काट्यावरचे ग्रॅम: सुक्या फळांचं माप वजनात कसं बदलावं

बेदाणा पाण्यात टाकला की तळाला जातो. म्हणजे तो पाण्यापेक्षा जड. २३७ मि.ली.चा कप पाण्याने भरला तर त्या पाण्याचं वजन २३७ ग्रॅम. मग तोच कप बेदाण्यांनी भरला तर वजन त्याहून जास्तच यायला हवं. काटा मात्र दाखवतो १४५. उरलेलं गेलं कुठे? हवेत. १४५ ग्रॅम बेदाण्यांनी १४५ मि.ली.पेक्षा कमीच जागा घेतलेली असते. राहिलेली ९२ मि.ली.हून जास्त जागा, म्हणजे कपाचा जवळजवळ दोन पंचमांश भाग, दाण्यांमधल्या पोकळीचा असतो.

सुक्या फळांच्या मापातला सगळा घोळ या पोकळीमुळे होतो. पाककृतीत ‘एक कप’ लिहिलेलं असतं तेव्हा ते माप फळ अधिक हवा असं असतं, आणि हवा किती हे फळाचा आकार, चिकटपणा, कापण्याची पद्धत आणि भरणाऱ्याचा हात ठरवतो. म्हणून ‘एक कप सुकी फळं म्हणजे इतके ग्रॅम’ असा एकच आकडा नसतो. प्रत्येक आकड्यामागे तीन गोष्टी असतात: कोणतं फळ, कोणत्या रूपात, आणि कोणत्या कपात.

आधी कप कोणता ते ठरवा

‘कप’ हे एकच माप नाही. अमेरिकी पाककृतींतला कप २३६.६ मि.ली.चा, म्हणून २३७ धरतात. तिथल्याच पोषणमूल्यांच्या लेबलांवर तो २४० मि.ली.चा होतो. ऑस्ट्रेलियन पाककृतींत कप २५० मि.ली.चा, जपानी पाककृतींत २०० मि.ली.चा. जुन्या ब्रिटिश लिखाणात कप आलाच, तर तो बहुधा अर्ध्या इम्पीरियल पाइंटचा, म्हणजे २८४ मि.ली.चा असतो. सैल भरलेले बेदाणे घेतले, तर ‘एक कप’ जपानी कपात १२३ ग्रॅम, अमेरिकी कपात १४५, ऑस्ट्रेलियन कपात १५३ आणि ब्रिटिश कपात १७४ ग्रॅम भरतो. फळ तेच, भरण्याची पद्धत तीच.

चमच्याचंही तसंच. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मि.ली.चा, पण ऑस्ट्रेलियात २० मि.ली.चा. पाककृतीत तापमान, वजनाची एककं किंवा शब्द कुठले आहेत त्यावरून ती कुठली आहे याचा अंदाज येतो. औंस आणि फॅरनहाइट सोबत असतील तर २३७चा कप धरायला हरकत नाही.

तुमच्या हातातला कप किती मि.ली.चा हे कपावरच्या छापावर सोडू नका. स्वस्तातल्या संचांवर ‘२५०’ छापलेलं असतं आणि आत पाणी २३० मावतं, असं सर्रास आढळतं. तपासायला मिनिटभर लागतो. कोरडा कप काट्यावर ठेवा, काटा शून्यावर आणा, आणि कप काठोकाठ पाण्याने भरा. पाण्याचा पृष्ठभाग काठाच्या वर फुगलेला नको, सपाट हवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितक्या मि.ली.चा तुमचा कप. वाटीने मोजत असाल तर हेच तिलाही लागू. वाटी तर कोणत्याच प्रमाणात बसत नाही, त्यामुळे तिचा आकडा एकदा काढून तळाला चिकटवून ठेवावा.

आणखी एक: सुक्या फळांसाठी काचेचा, रेघांचा, चोचीचा जग वापरू नका. तो द्रवासाठी असतो. रेघेपर्यंत बेदाणे भरले तरी वरचा थर समतल करता येत नाही, कारण काठ रेघेच्या बराच वर असतो. काठापर्यंत भरून सपाट करता येईल असाच कप हवा.

आकडे

खालचे आकडे २३७ मि.ली.च्या कपासाठी आहेत. क्रॅनबेरी सोडून बाकीचे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अन्नघटक कोष्टकांत वापरले जाणारे आहेत. क्रॅनबेरीचा ढोबळ आहे. २५० मि.ली.चे आकडे त्यावरून गणिताने काढलेले.

| फळ आणि रूप | २३७ मि.ली. कप | २५० मि.ली. कप |
|---|---|---|
| बेदाणे, सैल | १४५ ग्रॅम | १५३ ग्रॅम |
| बेदाणे, दाबून | १६५ ग्रॅम | १७४ ग्रॅम |
| बारीक काळे करंट (छोटी सुकी द्राक्षं) | १४४ ग्रॅम | १५२ ग्रॅम |
| खजूर, बिया काढून चिरलेला | १४७ ग्रॅम | १५५ ग्रॅम |
| अंजीर, अख्खे | १४९ ग्रॅम | १५७ ग्रॅम |
| जर्दाळू, अर्धे | १३० ग्रॅम | १३७ ग्रॅम |
| प्रून (सुका प्लम), बिया काढून | १७४ ग्रॅम | १८४ ग्रॅम |
| पीच, अर्धे | १६० ग्रॅम | १६९ ग्रॅम |
| पेअर, अर्धे | १८० ग्रॅम | १९० ग्रॅम |
| सफरचंदाच्या चकत्या | ८६ ग्रॅम | ९१ ग्रॅम |
| क्रॅनबेरी, साखर लावलेली | सुमारे १२० ग्रॅम | सुमारे १२७ ग्रॅम |

दुसऱ्या कोणत्याही कपासाठी सूत्र सोपं आहे: तक्त्यातला २३७चा आकडा गुणिले तुमच्या कपाचे मि.ली. भागिले २३७. तुमच्या वाटीत १८० मि.ली. पाणी मावत असेल तर एक वाटी सैल बेदाणे १४५ × १८० ÷ २३७, म्हणजे ११० ग्रॅम.

तक्त्यातल्या दोन ओळी नीट बघा. सफरचंदाच्या चकत्या ८६ आणि प्रून १७४, दुपटीचा फरक. चकत्या कडक आणि वेड्यावाकड्या असतात, एकमेकींना टेकत नाहीत. प्रून मऊ असतो, स्वतःच्याच वजनाने दबतो आणि शेजाऱ्याच्या खाचेत जाऊन बसतो. तेव्हा ‘सुकी फळं कोणतीही, एक कप’ असं कुठे वाचलंत, तर लिहिणाऱ्याने काट्यावर काही ठेवून पाहिलेलं नाही असं खुशाल समजा.

तुमच्या फळाचा आकडा तुम्हीच काढा

तक्ता सुरुवातीला बरा. पण जे फळ तुम्ही वारंवार वापरता त्याचा स्वतःचा आकडा काढून ठेवणं जास्त भरवशाचं. त्यासाठी:

फळ एका पसरट ताटात काढा आणि चिकटलेले गठ्ठे बोटांनी सुटे करा. पिशवीत दबलेल्या बेदाण्यांचा गठ्ठा तसाच कपात पडला, तर त्याच्या आत हवा नसते आणि भोवती मोठी पोकळी राहते. आकडा कुठेही जाऊ शकतो.

रिकामा कप काट्यावर ठेवून शून्य करा, मग कप काट्यावरून उचलून घ्या. चमच्याने किंवा मुठीने फळ वरून हलकेच सोडत कप शिगोशीग भरा. कप आपटायचा नाही, हलवायचा नाही, वरून दाबायचं नाही. आता सुरीच्या पाठीने काठावरून सरळ ओढा. पीठ जसं सपाट होतं तसे बेदाणे होत नाहीत. काही काठाच्या वर डोकावतात, काही ठिकाणी खळगा राहतो. जो दाणा निम्म्याहून जास्त वर आहे तो काढा, आणि खळगा असेल तिथे तो टाका. कप परत काट्यावर ठेवा आणि आकडा लिहा.

कप रिकामा करा, फळ ताटात पुन्हा मिसळा, परत भरा. असं तीनदा. समजा १४१, १४८ आणि १४५ आले. बेरीज ४३४, भागिले ३, सरासरी १४५ धरा. तिन्ही आकड्यांत दहा ग्रॅमहून जास्त तफावत असेल तर दर वेळी तुम्ही वेगळ्या हाताने भरताय, परत करा. मग एकदा तेच फळ दाबून भरून त्याचंही वजन घ्या. बरणीच्या झाकणावर ‘सैल १४५, दाबून १६५’ एवढं लिहून ठेवलं की पुढच्या वेळी कप बाहेर काढायचं कारण नाही.

मोठ्या फळांच्या बाबतीत अर्धा आणि पाव कप फसवे असतात. सुका अंजीर साधारण ८.४ ग्रॅमचा. तक्त्याप्रमाणे पाव कप म्हणजे ३७ ग्रॅम, म्हणजे साडेचारच्या आसपास अंजीर. पण पाव कपाच्या भांड्यात तीन अंजीर बसतात, चौथा कसाबसा, आणि पाचवा बाहेर. तीन घातले तर २५ ग्रॅम, चार घातले तर ३४. छोट्या भांड्यात मोठे तुकडे भिंतीशी जास्त पोकळी सोडतात. अशा वेळी मोठ्या कपाचा आकडा घेऊन त्याला चाराने भागावं आणि वजनच करावं, छोट्या भांड्याच्या नादी लागू नये.

चमच्याने बेदाणे मोजायची वेळ आली तर हिशेब असा: एका २३७ मि.ली. कपात १६ मोठे चमचे, म्हणून एक सपाट चमचा ९ ग्रॅम. बेदाण्यांचा चमचा सपाट कोणीच भरत नाही, आणि शीग लावून भरला तर वजन कितीही पुढे जातं. काट्यावर नऊ ग्रॅम दाणे टाका आणि मोकळे व्हा.

‘चिरलेला खजूर’ आणि ‘खजूर, चिरून’

पाककृती वाचताना सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ‘एक कप चिरलेला खजूर’ म्हणजे आधी चिरायचा, मग मोजायचा. ‘एक कप खजूर, चिरून’ म्हणजे अख्खा खजूर कपात भरून मोजायचा आणि मग चिरायचा. स्वल्पविराम फळ कुठल्या अवस्थेत मोजायचं ते सांगतो. वजनात बदलताना त्या अवस्थेचाच आकडा घ्यायला हवा. एकदा ग्रॅम हातात आले की मात्र ही कटकट संपते, कारण १४७ ग्रॅम खजूर चिरण्याआधीही १४७ आणि चिरल्यावरही १४७. सुरीला चिकटला तेवढाच काय तो कमी.

भिजवण्याला हाच नियम, आणि इथे चूक झाली तर ती मोठी असते. ‘एक कप बेदाणे, भिजवून’ म्हणजे कोरडे १४५ ग्रॅम. ‘एक कप भिजवलेले बेदाणे’ म्हणजे फुगलेले, पाणी निथळलेले, आणि त्यांत पाण्याचं वजन मिसळलेलं. भिजवलेल्याचं कोरड्यात रूपांतर करायला छोटी चाचणी पुरते. ५० ग्रॅम कोरडे बेदाणे घ्या, पाककृतीत सांगितलेल्या तापमानाच्या पाण्यात तितकाच वेळ भिजवा, चाळणीत पाच मिनिटं निथळा, परत वजन करा. समजा ७० ग्रॅम झाले; गुणोत्तर १.४. पाककृतीला भिजवलेले २१० ग्रॅम हवे असतील तर २१० ÷ १.४, म्हणजे १५० ग्रॅम कोरडे भिजत घाला. हे गुणोत्तर कोमट पाण्यात आणि थंड पाण्यात वेगळं येतं, म्हणून दुसऱ्याचं उसनं घेऊ नका.

‘दाबून’ असं लिहिलेलं नसेल तर सैलच समजायचं. दाबून मोजायची सवय ब्राउन शुगरची. फळांना ती उगाच लागली आहे. कोणी किती दाबलं हे सांगता येत नसल्यामुळे ती सूचना तशी बिनकामाची, पण लिहिलेली असेल तर बेदाण्यांना १६५ धरा. सैल आणि दाबून यांत २० ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ १४ टक्क्यांचा फरक पडतो.

नगावर दिलेलं माप

‘१० खजूर’ हे माप कपापेक्षाही वाईट. बिया काढलेला मेडजूल जातीचा खजूर सरासरी २४ ग्रॅमचा, डेग्लेट नूर जातीचा ७ ग्रॅमच्या आसपास. दहा मेडजूल म्हणजे २४० ग्रॅम, दहा डेग्लेट नूर म्हणजे ७१. तिपटीहून जास्त फरक. पाककृतीत जात लिहिलेली नसेल तर बाकीच्या जिनसांकडे बघा: पीठ १०० ग्रॅम आणि गोडव्यासाठी दुसरं काहीच नाही, तर मोठे खजूर अभिप्रेत असणार, साखर आधीच भरपूर असेल आणि खजूर फक्त तोंडात यावा म्हणून असेल, तर छोटे.

बाकी फळांचे ढोबळ आकडे: बिया काढलेला प्रून ९.५ ग्रॅम, म्हणजे कपाला अठरा. अर्धा जर्दाळू ३.५ ग्रॅम, म्हणजे कपाला सदतीस; सफरचंदाची एक चकती ६.४ ग्रॅम.

बियांसकट घेतलेल्या फळाचं वजन करून पाककृतीत घालू नका. आधी बिया काढा, मग वजन. किती विकत घ्यायचं याचा अंदाज हवा असेल तर दहा फळं बियांसकट तोला, बिया काढून परत तोला, आणि पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. आलेल्या संख्येने पाककृतीतले ग्रॅम गुणले की खरेदीचं वजन मिळतं.

औंसाचा सापळा

एका कपात ८ द्रव औंस असतात. त्यावरून ‘एक कप म्हणजे ८ औंस, एक औंस २८.३५ ग्रॅम, म्हणून एक कप बेदाणे २२७ ग्रॅम’ असा हिशेब लोक करतात. द्रव औंस हे आकारमानाचं एकक, साधा औंस वजनाचं. नाव सारखं, नातं फक्त पाण्यापुरतं. एक कप बेदाणे वजनी ५.१ औंस भरतात. ८ औंस घातले तर कपामागे ८२ ग्रॅम जास्त पडतात.

हीच चूक डिजिटल काटाही करायला लावतो. पुष्कळ काट्यांवर एककाचं बटण दाबत गेलं की ‘मि.ली.’ येतं. ते काही आकारमान मोजत नाही, पाण्याची घनता धरून ग्रॅमचाच आकडा मि.ली. म्हणून दाखवतं. त्यावर २३७ मि.ली. बेदाणे मोजले तर प्रत्यक्षात २३७ ग्रॅम येतील, म्हणजे दीड कपाहून जास्त. काट्यावर ग्रॅम सोडून दुसरं एकक ठेवूच नये.

वजनी औंस आणि पाउंड मात्र सरळ बदलता येतात, तिथे हवेचा प्रश्नच नाही: ६ औंस म्हणजे १७० ग्रॅम, १ पाउंड म्हणजे ४५४ ग्रॅम.

काटा वापरताना

एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा साधा काटा या कामाला पुरतो. तो कडक, सपाट जागेवर ठेवा. खाली फडकं किंवा चटई असेल तर आकडा हलतो. अचूकता तपासायची असेल तर प्रयोगशाळेतलं वजन लागत नाही. औषधाच्या सिरिंजने १०० मि.ली. पाणी मोजून भांड्यात घाला. काटा १०० दाखवायला हवा, एखाद्या ग्रॅमचा फरक चालेल.

दोन खोड्या लक्षात ठेवा. काही काटे अगदी हळू वाढणारं वजन ‘शून्य सरकलं’ असं समजून गिळतात. एकेक बेदाणा टाकत राहिलात तर पाच-सहा ग्रॅम जातात तरी आकडा हलत नाही. शेवटचे दाणे मुठीत घेऊन एकदम टाका, किंवा भांडं उचलून परत ठेवा. दुसरी, पाच ग्रॅमच्या खालच्या मापांत अशा काट्यावर एका ग्रॅमची चूक म्हणजे वीस टक्क्यांहून जास्त. इतकी थोडी फळं असतील तर दहापट तोलून हाताने दहा वाटे करणं बरं.

चिकट फळांसाठी उलटं तोलणं सोयीचं पडतं. खजुराचा डबाच काट्यावर ठेवा, शून्य करा, आणि डब्यातून खजूर काढून थेट मिश्रणात टाकत जा. काटा उणे आकडा दाखवतो: उणे १४७ आलं की थांबा. मधलं भांडं नाही, त्याला चिकटून राहणारा गर नाही, धुणं नाही.

आधीच चिरून मिळणाऱ्या खजुराच्या तुकड्यांवर ते चिकटू नयेत म्हणून बऱ्याचदा तांदळाचं पीठ, ओट्सचं पीठ किंवा डेक्स्ट्रोज लावलेलं असतं. सुटे राहणारे ते तुकडे कपात वेगळ्याच पद्धतीने बसतात, त्यामुळे घरी चिरलेल्या खजुराचा आकडा त्यांना लावू नका. घटकांच्या यादीत पीठ दिसलं की आपला आकडा नव्याने काढावा.

वजनालाही एक मर्यादा आहे

वजनाने हवेचा प्रश्न सुटतो, पाण्याचा नाही. सुक्या फळात पाणी उरलेलं असतं आणि ते फळागणिक बदलतं: बेदाण्यांत सुमारे १५ टक्के, खजुरात २० ते २१, जर्दाळू, अंजीर आणि प्रूनमध्ये ३० ते ३१ टक्के. उघडी राहिलेली पिशवी महिनाभरात कोरडी पडते. ३१ टक्के पाण्याचे १०० ग्रॅम जर्दाळू सुकून २० टक्क्यांवर आले तर त्यांचं वजन ८६ ग्रॅम उरतं; पाणी सोडून उरलेला गर तितकाच, ६९ ग्रॅम. आता या कडक झालेल्या जर्दाळूंचे तुम्ही १०० ग्रॅम तोलले तर त्यात ८० ग्रॅम गर येतो. आंबटगोडपणा सहाव्या हिश्श्याने वाढतो, आणि वर ते मिश्रणातलं पाणी शोषून घेतात. केकचा भुगा होणं, ब्रेडचा गोळा मळताना ठीक वाटून नंतर घट्ट होणं, याचं कारण पुष्कळदा हेच.

उपाय सोपा: ८६ ग्रॅमवर १४ मि.ली. पाणी शिंपडून डबा बंद करून रात्रभर ठेवा, मधे एकदा हलवा. जितकं गेलं तितकंच परत दिलं. मूळ वजन माहीत नसेल तर दोन बोटांत दाबून बघा; वाकलं पाहिजे, मोडता कामा नये.

एका फळाऐवजी दुसरं घालतानाही हे पाणी मोजावं. अदलाबदल कपाने नाही, वजनाने करायची. सफरचंदाच्या एका कपाऐवजी प्रूनचा एक कप घातला तर फळ दुप्पट होतं. पण १४५ ग्रॅम बेदाण्यांऐवजी १४५ ग्रॅम जर्दाळू घातले, तर २२ ग्रॅमऐवजी ४५ ग्रॅम पाणी आत जातं. मऊ केकला ते चालतं, कुरकुरीत बिस्किटाला चालत नाही.

ताळा आणि उलटं गणित

समजा पाककृतीत ५०० ग्रॅम मैदा आणि दीड कप बेदाणे आहेत. दीड कप म्हणजे १४५ × १.५, २१८ ग्रॅम. मैद्याच्या ४४ टक्के. हा आकडा जमण्यासारखा आहे का? अमेरिकी अन्ननियमांत ‘रेझिन ब्रेड’ म्हणून विकायच्या ब्रेडमध्ये मैद्याच्या १०० भागांना किमान ५० भाग बेदाणे लागतात, तेव्हा ४४ म्हणजे बेदाणे जरा हात राखून, पण ठीक. औंसाच्या सापळ्यात अडकून ३४० ग्रॅम घातले असते तर ६८ टक्के झाले असते. इतक्या फळाने गोळा फाटतो आणि बाहेर आलेले बेदाणे कवचावर जळतात. शिवाय १०० ग्रॅम बेदाण्यांत साठ-पासष्ट ग्रॅम साखर असते, म्हणजे तेवढी साखरही सोबत वाढली. बदललेला आकडा मैद्याशी असा ताडून बघितला की मोठी चूक लगेच दिसते.

पाककृती दुप्पट किंवा निम्मी करायची असेल तर आधी सगळं ग्रॅममध्ये आणा, मग गुणाकार करा. ‘पाऊण कपाचं तिप्पट’ करताना एकाच कपाने नऊ वेळा पाव-पाव कप भरला की दर वेळची चूक साठत जाते.

उलट बाजूने, ग्रॅम दिलेत आणि हाताशी काटा नाही, तर भागाकार. २०० ग्रॅम बेदाणे ÷ १४५ = १.३८ कप. एक कप, एक तृतीयांश कप आणि वर एक मोठा चमचा: १४५ + ४८ + ९, एकूण २०२. बेदाण्यांत पाच टक्के इकडेतिकडे चालतात, त्यामुळे यापुढे दशांश काढत बसू नका.

मात्र फळ वाटून गोडव्यासाठी वापरायचं असेल तर ही सूट नाही. खजुराच्या वाटलेल्या गरात हवा उरत नाही, म्हणून तो कपात गच्च बसला तर वजन २३७ ग्रॅमच्या खाली यायला जागाच नाही, जिथे चिरलेला खजूर १४७वर थांबतो. ‘एक कप खजुराचा गर’ असं वाचून एक कप चिरलेला खजूर वाटलात, तर लागेल त्यापेक्षा बरंच कमी हाती येईल. गर तयार करा, काट्यावर पुरेसा दिसतो का बघा, आणि त्यात वाटताना घातलेलं पाणी पाककृतीतल्या द्रवातून वजा करा.

फ्रीझ-ड्राय केलेली फळं, म्हणजे गोठवून निर्वात जागेत वाळवलेली, बोटांनी चुरडणारी, या तक्त्यात कुठेच बसत नाहीत. त्यांचा आकार ताज्या फळाचा राहतो आणि पाणी जवळजवळ सगळं गेलेलं असतं, त्यामुळे कपभर तुकडे काट्यावर नगण्य भरतात. तेच भुकटी केल्यावर त्याच कपात कित्येक पट जास्त मावतात. ‘अर्धा कप फ्रीझ-ड्राय स्ट्रॉबेरी’ लिहिलं असेल तर ती अख्खी की भुकटी हे आधी शोधा. ते कळत नसेल तर अर्धा कप अख्खे तुकडे तोला, त्यांची भुकटी करा आणि निम्मी घालून चव बघा. उरलेली नंतरही घालता येते.